लाखबंद

आमच्या बेटावर एक फार न्यायाची चाल होती. मालकाला सरकारनं राबायला दिलेल्या कैद्यावर स्वतः हात उचलायची बंदी होती. गडी माजला, मेंढरं हरवली, काहीही झालं तरी मालकानं फक्त एक पत्र लिहायचं, त्याला लाख लावायची आणि ते गावातल्या न्यायाधीशाकडं धाडायचं. फटके किती ते न्यायाधीश ठरवणार. आता हे पत्र न्यायचं कुणी? टपालवाला कुठून आणायचा त्या रानात? म्हणून ज्याचे फटके त्यानंच ते घेऊन जायचं. अकरा मैल, एकट्यानं, आपल्याच पायांनी. जाताना पाठ शाबूत न्यायची आणि संध्याकाळच्या हजेरीला सोलून परत आणायची. ज्या कुणी हा न्याय शोधून काढला त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

बरं, मालकाची बाकीची पत्रंही याच गड्यांच्या हातून जायची. मीठ पाठवा, कुदळी पाठवा, अमक्या कैद्याची वागणूक चांगली आहे, त्याला मोकळिकीचा कागद द्यावा, सगळं सगळं. कागद तोच, लाख तीच. आणि आमच्यातल्या दहांपैकी आठांना पांढऱ्यावरचं काळं कळत नव्हतं. तेव्हा हातात पत्र पडलं तरी आपण मीठ नेतोय की आपली कातडी, हे गावात पोचल्याशिवाय कळायचं नाही.

मार्चातल्या एका सकाळी कॅप्टन वेल्बीसाहेबानं असं एक पत्र एफ्रम पिनकच्या हातात ठेवलं.

"न्यायाधीशसाहेबांच्या हातात द्यायचं," साहेब म्हणाला. "हजेरीच्या आत परत."

"होय साहेब."

"वाटेत रेंगाळायचं नाही."

"नाही साहेब."

बस्स. साहेब आत जाऊन आपलं उकडलेलं अंडं फोडत बसला. एफ्रमनं त्याचा चेहरा दारातून जितका वाचता आला तितका वाचला. पण साहेबाचा चेहरा म्हणजे दगडी भिंत, तिच्यावर कधी काही उमटलंच नाही.

एफ्रमला भ्यायला कारण होतं, आणि आशेलाही होतं, आणि दोन्ही एकाच आठवड्यातली होती. मंगळवारी त्याला बेटावर उतरून आठ वर्षं पुरी झाली होती. घरफोडीला मुळात फाशीच. ती राजाच्या दयेनं माफ झाली तर जन्माचं काळं पाणी. आणि जन्मठेपवाल्यानं आठ वर्षं अंगाला एकही डाग न लावता काढली, तर मालकाच्या शिफारशीवर त्याला मोकळिकीचा कागद मिळायचा. बेट सोडता यायचं नाही, पण वाटेल त्याच्याकडं मजुरीनं राबता यायचं. स्वतःची झोपडी, आतून लावायचं स्वतःचं दार. एफ्रम त्या दाराचं कुलूपसुद्धा मनात तयार करून बसला होता.

पण त्याच्या आदल्या गुरुवारी पट्टेरी लांडग्यानं त्याच्या कळपातल्या तीन मेंढ्या मारल्या. मुकादम डॅगेट सगळ्यांदेखत ओरडला, "घोरत होतास ना रे डुकरा?" आणि एफ्रमच्या तोंडून, आठ वर्षांत पहिल्यांदाच, निघून गेलं, "घोरत असतो तर तीनशे गेल्या असत्या." लोक हसले. डॅगेट हसला नाही.

आता साहेबानं यातलं कुठलं लिहिलं होतं?

"लाल लाख," नॅट कॉबल पत्र न्याहाळत म्हणाला. नॅट हा त्याच्या झोपडीतला जोडीदार, स्वयंपाकाला असायचा. तीनदा फटके खाल्लेले, म्हणून या विषयातला आमचा पंडित. "लाल लाख म्हणजे लाल पाठ. माझ्या तिन्ही वेळा लालच होती."

"साहेबाकडं दुसऱ्या रंगाची आहे का?"

"नाही."

"मग?"

"मग काय, लालच असणार!" नॅट खदखदून हसला आणि राखेत भाजलेला भाकरीचा तुकडा त्याच्या खिशात कोंबला. "हे बघ, शर्ट आधीच काढून बाजूला ठेव. रक्त धुऊन निघत नाही. आणि दातांत चामड्याचा तुकडा धर, जीभ वाचते. पहिले दहा वाईट. मग..."

"मग कमी दुखतं?"

"मग आणखी वाईट. पण तोवर तू मोजायचा थांबतोस."

एफ्रम निघाला तो कानात हे घेऊन.

खरं सांगायचं तर एफ्रम पिनक जन्माचाच भित्रा. असला माणूस घरफोड्या झालाच कसा, हे कोडं आम्हालाही सुटलं नव्हतं. तो कुलपं करणाऱ्यांच्या गावचा. बापही कुलूपवाला, आजाही. हातात देवानं अशी कला दिली होती की कुठलंही कुलूप त्याच्या बोटांना आपणहून वश व्हायचं. एका हिवाळ्यात काम बसलं, घरात आई आणि रिकामं मडकं. दोघा मित्रांनी गळ घातली, कापडवाल्याचं दार फक्त उघडून दे. यानं उघडलं. कडीनंसुद्धा आवाज केला नाही. तिथून मुकाट्यानं घरी जायचं की नाही? पण मित्र म्हणाले वर ये, म्हणून गेला, आणि जिन्यातल्या मोठ्या घड्याळानं ठोके द्यायला सुरुवात केली. मित्र खिडकीतून पसार.  हा जिन्यावर बसला तो बसलाच. घरमालकीण दिवा घेऊन आली तर हा तिसऱ्या पायरीवर, हातात तिचेच सहा चमचे, आणि तिला म्हणतो कसा, "बाई, घाबरू नका."

फाशी सुनावायला न्यायाधीशानं डोक्यावर काळी टोपी घातली तेव्हा त्याची विजार ओली झाली. पुढं सडक्या गलबतावरचा तुरुंग, मग एकशे एकोणीस दिवसांचं जहाज. जहाजावर एका माणसाला फटके मारले तेव्हा खाऱ्या पाण्याची बादली धरायचं काम याच्या वाट्याला आलं. त्या दिवसापासून एफ्रमनं ठरवलं की आपण असं जगायचं की आपली आठवणच कुणाला राहू नये. आठ वर्षं तसाच जगला. फटके न खाल्लेली पाठ ही त्याची एकुलती एक कमाई होती.

सकाळ स्वच्छ होती. नीलगिरीच्या सालींचा वास सुटला होता, पोपट कलकलत होते. एफ्रमला यातलं काही दिसत नव्हतं. पत्र शर्टाच्या आत, उघड्या छातीला लावलेलं. तिथली कातडी भाजल्यासारखी वाटत होती. दर अर्ध्या मैलावर तो थांबायचा, पत्र बाहेर काढायचा, उजेडाकडं धरायचा. जाड कागद. आतल्या शाईच्या नुसत्या सावल्या. लांब पत्र चांगलं की आखूड चांगलं? शिफारस लिहायला जास्त ओळी लागतात की तक्रार? तक्रार मोठी असेल, साहेबाला तक्रारीत रस असतो. पण मग हे पत्र तर लांबच दिसतंय. त्यानं पत्र घाईनं पुन्हा शर्टात कोंबलं.

चौथ्या मैलाला वाट डोंगराच्या पायथ्याला लागते. तिथं एफ्रम बसला आणि वर बघत राहिला. निळे डोंगर, एकावर एक. दरसाल दोन-चारजण त्यात शिरायचे. काही महिन्यांनी कुणी तरी हाडं आणायचं, नाही तर जिवंत धरून आणायचं, आणि जिवंत आणलेल्याला फाशीचा दोर मिळायचा. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी वर झाडी होती आणि झाडीत न्यायाधीश नव्हता. खिशात भाकरी होती. पाय आपोआप त्या बाजूला वळत होते, आणि आपल्याच पायांची त्याला भीती वाटायला लागली.

तो उठून पळतच सुटला, पण वाटेनं. नदीवर रस्कमावशी होती. रस्कमावशीला वाचता यायचं.

टॅबिथा रस्क, नदीवरच्या दोराच्या तराफ्याची मालकीण. तीही आमच्यातलीच. वीस वर्षांपूर्वी चादरी चोरल्या म्हणून आली, शिक्षा भोगून मोकळी झाली, इथंच लग्न केलं आणि विधवाही झाली. दोर ओढून ओढून तिचे दंड गड्यासारखे झाले होते. नदीकाठच्या सगळ्या सरकारी माणसांची घरची पत्रं तीच वाचून दाखवायची. सरकारी माणूस म्हणजे कैदी बरं का, आम्ही एकमेकांना तसंच म्हणायचो, तेवढीच अब्रू. चिमूटभर चहा दिला की मावशी नाकावर चष्मा चढवायची आणि सावकाश, एकेक शब्द चघळत वाचायची. दोन वर्षांपूर्वी एफ्रमच्या आईचं पत्र तिनंच वाचलं होतं. आई बरी आहे, गाय व्याली आहे, तुझी वाट बघते. त्या तीन गोष्टींवर एफ्रमनं दोन वर्षं काढली होती.

"काय रे पिनक? प्रेत बघितल्यासारखं तोंड का?" मावशी दारात बटाटे सोलत होती.

"मावशी, पत्र."

"घरचं? आण."

"साहेबाचं. न्यायाधीशाला."

मावशीचा सुरा थांबला. "मग ने की बाबा. मला कशाला दाखवतोस?"

मग एफ्रमचा बांधच फुटला. आठ वर्षं, तीन मेंढ्या, डॅगेट, नॅटचं चामडं, सगळं एका दमात. "मला फक्त कळू दे मावशी. जे असेल ते असो, पण कळू दे. हे न कळणं मला मारून टाकतंय गं."

"लाखबंद आहे ते. उघडलं तर तुला साखळी आणि मला बायकांचा तुरुंग."

"उघडलं होतं हे प्रत्यक्ष राजालाही कळायचं नाही. जन्मात एकच गोष्ट नीट शिकलोय मी."

"आणि वाईट निघालं तर?"

एफ्रमचे डोळे तिच्या खांद्यावरून मागं गेले, डोंगराकडं. मावशीनं वळून पाहिलं, तो कुठं बघतोय ते. मग तिनं हात पुसले.

"ये आत," ती म्हणाली.

एफ्रमनं चुलीवर सुरीचं पातं धरलं, गालाजवळ नेऊन त्याची धग जोखली आणि लाखेखाली सरकवलं. मघापर्यंत लटलटणारे हात आता अगदी शांत. दुधावरची साय उचलावी तशी लाख अखंड सुटली. मग त्यानं कागद तिच्या हातात दिला.

मावशीनं चष्मा चढवला. उजेडाला दाराशी गेली. वाचायला तिला नेहमीच वेळ लागायचा, पण आज फारच लागला. ओठ हलत होते. एकदा तिनं कागद लांब धरला, पुन्हा जवळ आणला. एफ्रम मनात मोजत होता. आत्ता ही म्हणेल पंचवीस. नाही, पन्नास. शंभरच म्हणेल.

"'न्यायाधीशसाहेबांस,'" मावशी म्हणाली आणि खाकरली. "'माझा गडी एफ्रम पिनक यानं आठ वर्षं इमानानं चाकरी केली. तीन मेंढ्या गेल्या त्यात त्याचा दोष नाही. त्याला मोकळिकीचा कागद द्यावा.' आणि खाली सही."

एफ्रम उभ्याचा खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. "पुन्हा वाच मावशी." तिनं पुन्हा वाचलं. "आता एकदाच." तिनं तिसऱ्यांदाही वाचलं, शब्दाला शब्द तेच. मग तिनं त्याला काळा चहा पाजला. त्यानं लाख पुन्हा जागच्या जागी बसवली, आणि दोघं तराफ्यावर चढले. एफ्रम अखंड बडबडत होता. कुठं झोपडी बांधणार, कसलं कुलूप करणार, तुझ्या दारालाही एक करून देतो मावशी, फुकट. मावशी नुसती दोर ओढत होती.

"सरळ जा," पलीकडं उतरल्यावर ती म्हणाली. "कुठं वळू नकोस. सरळ गावात जा."

"आता कशाला वळतोय मी!"

पुढचे पाच मैल तो गात गेला. त्याला गाता येतं हे पोपटांनाही तेव्हाच कळलं असेल.

कचेरीत कारकुनानं पत्र घेतलं, लाखेकडं बघितलंही नाही, आणि आत नेऊन दिलं. न्यायाधीश म्हणजे थकलेला, सर्दीनं बेजार असा म्हातारा. त्यानं पत्र वाचलं, नाक शिंकरलं, आणि समोर बघितलं. समोर एफ्रम उभा, टोपी हातात, तोंडभर हसू.

"पिनक. मेंढ्या तीन, निष्काळजीपणा. मुकादमाला उलट उत्तर, इतर कैद्यांदेखत. कॅप्टनसाहेब म्हणतात, योग्य ती शिक्षा व्हावी." त्यानं पुन्हा नाक पुसलं. "छत्तीस."

आता माणसाचं असं असतं, पाय गार पडतात, काळीज थांबतं, पण ओठांना बातमी उशिरा पोचते. एफ्रमच्या तोंडावरचं हसू होतं तिथंच राहिलं.

"हसतोस?"

"नाही साहेब. साहेब, एकदा पुन्हा वाचता का? खाली असेल. खाली काहीतरी दुसरं..."

न्यायाधीशाचा हात थांबला. त्यानं पत्र उलटं केलं आणि लाखेकडं बघितलं. "खाली काय आहे ते तुला काय ठाऊक?"

त्या क्षणी एफ्रमला कळलं की फटक्यांच्याही पलीकडं भीती असते. एक शब्द जास्त गेला तर आपल्याला साखळी, दक्षिणेकडच्या कडक तुरुंगातली कैद, आणि नदीवरच्या त्या बाईला तुरुंग. 

"काही नाही साहेब. मला वाचता येत नाही."

"मग हसत कशाला होतास?"

एफ्रमनं हातातली टोपी तोंडाशी नेली.

"पन्नास," न्यायाधीश म्हणाला. "आणि मोकळिकीचा अर्ज आता दोन वर्षांनी. पुढचा कैदी."

कचेरीमागच्या आवारात फटक्यांसाठी माणूस बांधायचं तिकाटणं होतं. फटके मारणारा आमच्यातलाच एक, दिवसाला जादा रसद मिळते म्हणून हे काम करणारा. त्यानं एफ्रमचे हात बांधले, कारकुनानं मोजायला सुरुवात केली. एफ्रम चामड्याचा तुकडा आणायला विसरला होता. कशाला आणेल? तो तर मोकळा व्हायला आला होता. सोळापर्यंत त्यानं मोजले. पुढचं मी सांगत नाही. ज्यांनी खाल्लेत त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी नाही खाल्ले त्यांना सांगून काय उपयोग!

परतीचे पाच मैल तो कसा चालला ते त्यालाच माहीत. डोक्यात एकच होतं. त्या थेरडीनं आपल्याला हसवलं. छत्तीस साहेबाचे, पण वरचे चौदा तिचे. पाठीची आग डोक्यात चढत होती आणि भीतीची जागा पहिल्यांदाच दुसऱ्या कशानं तरी घेतली होती. तिचा गळा आवळीन. तिला नदीत लोटीन.

त्यानं पलीकडून हाक मारली. मावशी तराफा घेऊन आली. तिनं एकदाच त्याच्याकडं पाहिलं, खाली मान घातली आणि त्याला चढू दिलं. अलीकडं आल्यावर कळलं की तिनं चुलीवर पाणी तापवून ठेवलं होतं. स्वच्छ फडकं होतं, वाटीत चरबी होती.

"तयारीत होतीस," एफ्रम म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "म्हणजे तुला ठाऊक होतं. वाचलंस आणि खोटं बोललीस. माझी थट्टा केलीस, हरामखोर!"

"बस. शर्ट चिकटायच्या आत बस."

"काय लिहिलं होतं ते का नाही सांगितलंस?"

"काय लिहिलं होतं ते मला कुठं ठाऊक होतं?" मावशी म्हणाली. तिनं खिशातला चष्मा काढून त्याच्यासमोर बाकावर टाकला. "मला वाचता येत नाही, एफ्रम. पाणी दोन्हींसाठी तापवलं होतं मी. बरं निघालं असतं तर चहा केला असता."

एफ्रमनं एकदा चष्म्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. तिनं त्याला खाली बसवलं, आणि तो बसला.

"माझा नवरा, सॅम रस्क," मागून ती फडकं भिजवत बोलत होती. "तोही तेव्हा सरकारी माणूसच. त्याला मालकानं असंच पत्र दिलं. आदल्या दिवशी दोघांची बाचाबाची झालेली. सॅम इथवर आला, इथं दाराशी बसला. म्हणाला, टॅबी, यात माझे शंभर फटके आहेत. मला वाचता येत असतं तर, पण कुठलं! मी म्हटलं, असतील तर असतील, खाऊन ये. तो भाकरी आणायला आत गेलाय असं मला वाटलं. तो डोंगरात गेला होता. थंडी सरल्यावर शिपायांना सापडला. खिशात पत्र, लाख तशीच. शिपायानं फोडलं आणि मला वाचून दाखवलं." तिनं फडकं पिळलं. "खिळे. पाच पौंड खिळे या माणसाबरोबर पाठवावेत. एवढंच होतं त्यात."

एफ्रमच्या पाठीवर पाणी पडलं. तो ओरडला. ती थांबली, मग पुन्हा हळूच पाणी सोडलं.

"मग मी सॅमचा बारीक कामाचा चष्मा घातला. फटके खाल्लेला माणूस जगतो रे. डोंगरात गेलेला नाही जगत. तू सकाळी तिकडं बघितलंस. मी तुला बघताना बघितलं."

एफ्रमला आता दुसरंच काही सुचत होतं, आणि ते विचारायला त्याला न्यायाधीशासमोर वाटली होती त्याहून जास्त भीती वाटत होती. तरी त्यानं विचारलं.

"माझ्या आईचं पत्र?"

मावशीनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"गाय व्याली म्हणालीस."

"बऱ्या घरात गाय असते, म्हणून म्हटलं."

"आमच्याकडं गाय कधीच नव्हती," एफ्रम म्हणाला. "मला वाटलं, घेतली असेल. मला वाटलं, आईचे दिवस पालटले."

"त्यात काय होतं देवाला ठाऊक," मावशी हलकेच म्हणाली. "तुझ्या पाया पडते मी. ते पत्र कुठल्याही शिकलेल्याकडं ने, वाचून दाखवील."

एफ्रमनं मान हलवली, नाही म्हणून. कुणाकडं नेणार? आत्तापर्यंत आई बरी होती. 

इतक्यात बाहेर पावलं वाजली. एफ्रमनं घाईनं कोट चढवला. कळ मस्तकापर्यंत गेली पण तोंडातून आवाज काढला नाही. दारात शेजारच्या मळ्यावरचा नांगऱ्या उभा होता, क्लेग. बैलाएवढा माणूस, चाळिशीचा, पण चेहरा पांढराफटक. हातात पत्र. लाल लाख.

"मावशी," तो म्हणाला, "काल नांगराचा फाळ मोडला माझ्याकडनं. मालक बोलला काही नाही. आज हे दिलं. पाचच्या आत कचेरीत पोचायचंय." त्यानं पत्र पुढं केलं. "तू दिव्यासमोर धरून वाचशील का? नाही तर मी... नाही तर मी काय करीन मला माहीत नाही बघ." आणि बोलता बोलता त्याची नजर मागं, डोंगराकडं गेली.

मावशीनं एफ्रमकडं बघितलं. आता सगळं त्याच्या हातात होतं. एक वाक्य, आणि नदीकाठच्या चाळीस माणसांच्या आया, बायका, पोरं एका क्षणात नाहीशी झाली असती. तेही जाऊ दे, समोरचा हा माणूस होता. त्याचे पाय वळायला लागले होते. वळणारे पाय कसे दिसतात ते एफ्रमला आज सकाळीच कळलं होतं.

"दिव्यासमोर दिसत नाही काही," एफ्रम म्हणाला. "आण इकडं. मी लाख उघडून देतो."

त्यानं सुरी तापवली. वाकला तसं कोटाच्या आत काहीतरी ओलं सरकलं. लाख सुटली. मावशीनं बाकावरचा चष्मा उचलला, दाराशी गेली, कागद लांब धरला, जवळ आणला. तिचा आवाज जरासा चिरकला, एवढंच.

"'न्यायाधीशसाहेबांस. फाळ जुनाच होता. नवा फाळ या माणसाबरोबर पाठवून द्यावा. माणूस कामाचा आहे.' खाली सही."

क्लेगनं भिंतीला हात टेकला आणि श्वास सोडला, मोठा, नांगर सोडल्यावर बैल सोडतो तसा. एफ्रमनं लाख परत बसवून पत्र त्याच्या हातात दिलं. तिघं तराफ्यापर्यंत आले. चढताना क्लेग थांबला आणि हळूच विचारलं, "तू कचेरीतनंच आलास ना रे पिनक? तुझंही हिनंच वाचलेलं? खरं निघतं ना हिचं?"

मावशीचे हात दोरावर थांबले.

"निघतं," एफ्रम म्हणाला. तो ताठ उभा होता, कारण वाकलं की दिसलं असतं. "फक्त एक कर. साहेबासमोर उभा राहिलास की हसू नकोस. काहीही झालं तरी हसायचं नाही. ऐकतोयस ना?"

क्लेगनं जोरजोरात मान हलवली, पण तो आत्ताच हसत होता.